भिंत कुणी फोडली?

२०१९ च्या गणपतीत माझा सोळा वर्षांचा भाचा घरी आला होता. मोदक वाफेवर होते, आरतीला वेळ होता. त्याने एका कानातला इयरफोन काढून माझ्या कानात कोंबला आणि विचारलं, "मामा, हा सुरुवातीला गातो तो कोण?" दोन ओळी ऐकल्या आणि मी उडालोच. नाकातून येणारा, किंचित रडवेला, वर चढला की पत्र्यासारखा वाजणारा तो आवाज मी कॉलेजात कॉपी केलेल्या कॅसेटवर वर्षानुवर्षं ऐकला होता. ऑझी ऑस्बॉर्न! ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा गायक ऑझी, या पोराच्या फोनमध्ये? कव्हरवर नाव होतं पोस्ट मलोन या तरुण रॅपरचं, पुढे ट्रॅव्हिस स्कॉट रॅप करत होता आणि माझ्या भाच्याला वाटत होतं की पोस्ट मलोनने कुणीतरी नवा गायक शोधून काढलाय.

तो एकटाच नव्हता. 'टेक व्हॉट यू वॉन्ट' हे गाणं आलं तेव्हा 'हा ऑझी कोण?' असं विचारणाऱ्या पोरांची समाजमाध्यमांवर भरपूर थट्टा झाली. त्यावर जुन्या रॉकवाल्यांनी दोन प्रकारे तोंड वाकडं केलं. काही म्हणाले, बघा, आमच्या देवमाणसाला उतारवयात कुणाच्या पंगतीला बसावं लागतंय. काही म्हणाले, चला, रॅपवाल्या पोरांना एकदा खरा गायक मिळाला, त्यांचं भलं झालं. ही दोन मतं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण दोन्हींच्या पोटात एकच समजूत आहे: रॉक देणारा, रॅप घेणारा. माझं म्हणणं असं की हा हिशेब उलटा लिहिला गेलाय. २०१९ मध्ये तर उलटा आहेच, पण ज्या गाण्यापासून रॉक आणि रॅपच्या अशा एकत्र गाण्यांची गोष्ट सांगायला सुरुवात होते त्या १९८६ च्या गाण्याबद्दलही तो उलटाच लिहिला गेलाय.

ते गाणं म्हणजे 'वॉक धिस वे'. मूळ एरोस्मिथ या अमेरिकन रॉक बँडचं, १९७५ च्या अल्बममधलं. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागातल्या हॉलिस वस्तीत वाढलेल्या रन-डीएमसी या रॅपगटाला त्यातले फक्त सुरुवातीचे ड्रम माहीत होते. हिपहॉपच्या डीजेंची ती जुनीच रीत: रेकॉर्डवरचा एखादा तुकडा पकडायचा, दोन टर्नटेबलांवर तोच पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि त्यावर बोलणाऱ्याने बोलायचं. गाणं सुरू होऊन एरोस्मिथचा गायक स्टीव्हन टायलर तोंड उघडायच्या आत सुई परत मागे जायची. पुढे काय आहे, कोण गातंय, बँडचं नाव काय, याच्याशी कुणाला कर्तव्य नव्हतं. निर्माता रिक रूबिन म्हणाला, तुकडा नको, अख्खं गाणं करा आणि मूळ मंडळींनाच बोलवा. रन आणि डीएमसी दोघांनाही ही कल्पना मुळीच पसंत नव्हती. टायलरचे शब्द त्यांना गावंढळ बडबड वाटत होते. अखेर ९ मार्च १९८६ ला मॅनहॅटनच्या एका स्टुडिओत टायलर आणि गिटारवादक जो पेरी आले आणि गाणं झालं.

आता त्या दिवशी कोण कुठे उभं होतं ते पाहा. रन-डीएमसीचा १९८४ चा पहिला अल्बम इतका खपला की त्याला 'गोल्ड' हा विक्रीचा मान मिळाला, १९८५ च्या दुसऱ्यालाही. जुलै १९८५ मध्ये फिलाडेल्फियाच्या 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या भल्यामोठ्या मैफलीत ते गायले होते. (त्याच मंचावर त्याच दिवशी सकाळी ब्लॅक सॅबथही पुन्हा एकत्र येऊन ऑझीसकट वाजवून गेला होता. माझ्यासारख्याला असले योगायोग सुपारीसारखे चघळायला आवडतात.) म्हणजे दारात उभी राहिलेली ही गरजू पोरं नव्हती. आणि एरोस्मिथ? टायलर आणि पेरी व्यसनांनी पोखरलेले. पुन्हा एकत्र येऊन काढलेला १९८५ चा अल्बम फारसा चाललेला नाही. सत्तरीच्या दशकातला गाजलेला बँड आता जुन्या पुण्याईवर दिवस काढत होता.

मूळ गाणं अमेरिकेत बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १९७७ साली दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. रॅपवाल्यांनी केलेलं चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. वर्षभरात एरोस्मिथचा नवा अल्बम आला आणि लाखांनी खपला. पुढची दहाबारा वर्षं ते पहिल्यापेक्षाही मोठे झाले. आणि एक गोष्ट या प्रसंगाच्या गोड आठवणी निघतात तेव्हा कुणी बोलत नाही. गाणं टायलर आणि पेरी यांनी लिहिलेलं असल्यामुळे रन-डीएमसीची जी प्रत विकली गेली तिच्यातला गीतकार-संगीतकाराचा वाटा या दोघांच्याच खात्यात गेला. घाम पोरांचा, सातबारा यांच्या नावावर. कायद्याने त्यात काही गैर नाही, लिहिलं त्यांनीच होतं. पण मग उपकार कुणी कुणावर केले हे सांगताना निदान आवाज जरा खाली असावा.

तो आवाज वर गेला त्या गाण्याच्या व्हिडिओमुळे. पाहिला नसेल तर सांगतो. दोन खोल्या, मध्ये भिंत. एकीकडे रॉकवाले वाजवतायत, दुसरीकडे रॅपवाले आवाजाने वैतागलेत. भांडण वाढतं, आणि टायलर माइकच्या दांड्याने भिंतीला भगदाड पाडून आपला लांबट चेहरा पलीकडे घुसवतो आणि ध्रुवपद गातो. शेवटी रन-डीएमसी एरोस्मिथच्या मंचावर पोचतात, रॉकच्या श्रोत्यांसमोर, आणि सगळे मिळून नाचतात. चित्र इतकं सोपं आणि इतकं पक्कं आहे की चाळीस वर्षं होत आली तरी लेख लिहिणाऱ्यांना दुसरं सुचत नाही. भिंत फुटली, रॉक आणि रॅप एक झाले. पण दांडा कुणाच्या हातात आहे? आणि शेवटी सगळे पोचतात ते कुणाच्या मंचावर? ही गोष्ट कुणीतरी रचलेली आहे, आणि रचताना यजमान कोण, पाहुणा कोण, हे आधीच ठरलेलं आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो पोकळ नाही. एमटीव्ही १९८१ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथे कृष्णवर्णीय कलाकार शोधून सापडत नव्हते. १९८३ मध्ये डेव्हिड बोवीने त्याच वाहिनीच्या मुलाखतीत मुलाखत घेणाऱ्यालाच विचारलं होतं, इथे काळे कलाकार इतके कमी का दिसतात? त्याच साली मायकल जॅक्सनमुळे दार किलकिलं झालं, पण रॅपला ते दार जवळजवळ बंदच होतं. 'वॉक धिस वे' तिथे दिवसरात्र दिसलं ते टायलर-पेरींच्या ओळखीच्या चेहऱ्यांमुळे, हे मान्य करायलाच हवं. दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, एमटीव्हीवर रॅपसाठी वेगळा कार्यक्रम आला. तेव्हा रॉकचा उपयोग झाला की नाही? झाला. पण वॉचमन ओळखीचा असल्यामुळे एखाद्याने आपल्याला आत नेलं, तर आपण त्याचे आभार मानतो. वॉचमन मुळात आपल्याला का अडवत होता, हा प्रश्न त्याने मिटत नाही. रन-डीएमसीला हे पुरतं कळत होतं. आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, त्यांनी 'किंग ऑफ रॉक' च्या व्हिडिओत रॉकचं एक संग्रहालय दाखवलं होतं, दारावरचा रखवालदार त्यांना हटकतो आणि ते सरळ आत शिरतात. त्यांच्या गोष्टीत भिंत फोडायला दुसरं कुणी येत नाही. पण लोकांच्या लक्षात राहिली ती दुसरीच गोष्ट. क्लीव्हलँडच्या खऱ्याखुऱ्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये एरोस्मिथला २००१ मध्ये मान मिळाला, रन-डीएमसीला २००९ मध्ये. तोवर त्यांचा डीजे जॅम मास्टर जे हयात नव्हता, २००२ मध्ये क्वीन्समधल्या स्टुडिओतच त्याचा गोळी घालून खून झाला होता.

ऑझीकडे वळायच्या आधी आपल्या कानांबद्दल एक गोष्ट. मराठी माणसाला ज्येष्ठ-कनिष्ठांचं एकत्र गाणं म्हटलं की एकच चित्र दिसतं: बुवा मध्ये, शिष्य मागे तानपुऱ्यावर, बुवांनी मान हलवली की शिष्याने एखादी जागा घ्यायची. देणं वरून खाली वाहतं. या सवयीमुळे 'म्हातारा ऑझी पोरांच्या गाण्यात' हे आपल्याला एकतर अवमानासारखं दिसतं नाहीतर आशीर्वादासारखं. तिसरी शक्यता सुचत नाही: पोरांनी म्हाताऱ्याला मान देऊन मध्ये बसवलं, आणि त्याला जे येतं तेवढंच, पण पूर्णपणे, करू दिलं.

'टेक व्हॉट यू वॉन्ट' मध्ये नेमकं हेच आहे. गाणं ऑझीच्याच आवाजाने सुरू होतं आणि ध्रुवपद त्याचं आहे. त्याला रॅप करायला लावलेलं नाही, तरुण दिसायला लावलेलं नाही. संथ, उदास, दगा दिलेल्या माणसाच्या तक्रारीची चाल, जी तो पन्नास वर्षं गात आला. शेवटी लांबलचक गिटार आहे, जिची त्या साली रॅपच्या अल्बममध्ये कुणी अपेक्षाच केली नव्हती. ऑझीने याआधीही रॅपवाल्यांबरोबर हात आजमावला होता, हे फार जणांना आठवत नाही. १९९८ मध्ये बस्टा ऱ्हाइम्सबरोबर त्याने सॅबथच्याच 'आयर्न मॅन' ची नवी आवृत्ती केली. २००० मध्ये वू-टँग क्लॅन या रॅपगटाबरोबर एका गाण्यात तो आणि सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी होते. त्यातलं एकही या गाण्याइतकं चाललं नाही. मला त्याचं कारण असं वाटतं की तिथे ऑझी हवा होता तो जत्रेतल्या चित्रासारखा, वटवाघळाचं मुंडकं चावणारा वेडा म्हणून, किंवा जुनी ओळखीची चाल भाड्याने देणारा म्हणून. २०१९ मध्ये त्याच्यापुढे कोरी चाल ठेवली आणि म्हटलं, गा.

आता 'हिट' या शब्दाबद्दल, कारण इथे माझ्या बाजूचे लोकही थोडी लबाडी करतात. सप्टेंबर २०१९ मध्ये हे गाणं बिलबोर्डच्या यादीत आठव्या क्रमांकावर आलं. ऑझी त्याआधी पहिल्या दहात होता १९८९ मध्ये, लिटा फोर्डबरोबरच्या गाण्यामुळे, आणि गंमत म्हणजे तेव्हाही आठव्याच क्रमांकावर. तीस वर्षांनी पुनरागमन, असे मथळे झाले. पण दोन आठवे क्रमांक एक नव्हेत. १९८९ मध्ये यादीत यायला गाणं सिंगल म्हणून दुकानात विकायला यावं लागे. ही अट १९९८ च्या डिसेंबरपर्यंत होती. माणूस दुकानात जायचा, खिशात हात घालायचा, रेडिओ आठवडेच्या आठवडे वाजवायचा आणि गाणं एकेक पायरी चढायचं. २०१९ मध्ये पोस्ट मलोनचा अल्बम शुक्रवारी आला, कोट्यवधी पोरांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत फोनवर लावला आणि अल्बममधली गाणी ढिगाने यादीत पडली. ऑझीचं गाणं पहिल्याच आठवड्यात थेट आठवं. या आकड्यातला मोठा हिस्सा पोस्ट मलोनचा आहे, आणि ते न सांगता ऑझीचा झेंडा नाचवणं म्हणजे वरातीत पुढे नाचणाऱ्याने लग्न आपलंच असल्यासारखं वागणं.

मग ऑझीला काय मिळालं? आकड्यापेक्षा कितीतरी मोठं काहीतरी. २०१९ हे त्याचं भयंकर वर्ष होतं. आधी न्यूमोनिया, मग घरात पडून मानेच्या जुन्या दुखण्याने उचल खाल्ली, शस्त्रक्रिया झाली, दौरे रद्द. पार्किन्सन्स असल्याचं त्याने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं. सत्तरी ओलांडलेला, खाटेला खिळलेला, लोकांसमोर उभा राहणं एवढंच ज्याला आयुष्यभर येत होतं असा माणूस. त्याला कुणीतरी एका गाण्यापुरतं बाहेर काढलं. या गाण्याच्या निर्मात्यांपैकी एक अँड्र्यू वॉट, तेव्हा तिशीही न गाठलेला. त्याने मग विचारलं, अख्खा अल्बम करायचा का? गन्स एन रोझेसचा डफ मकेगन, रेड हॉट चिली पेपर्सचा चॅड स्मिथ जमले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये 'ऑर्डिनरी मॅन' आला. २०२२ मध्ये आणखी एक. त्या दुसऱ्याला ग्रॅमीमध्ये सर्वोत्तम रॉक अल्बमचा मान मिळाला. एका रॅप अल्बममधल्या एका गाण्याने आजारी माणसाला काम दिलं. कलावंताला म्हातारपणी पुरस्कार, शाल, श्रीफळ सगळं देतात. काम फार कमी लोक देतात.

इथे कुणी म्हणेल, पोस्ट मलोनला रॅपर म्हणणंच वादाचं आहे. बरोबर. टेक्सासमध्ये वाढलेला गोरा मुलगा, शाळेत असताना गिटार घेऊन मेटल वाजवायचा, आणि रॅपमध्ये आल्यावर 'दुसऱ्यांच्या घरात शिरून पैसे कमावतोय' असा आरोप झालेला. रन-डीएमसीच्या जागी त्याला ठेवून १९८६ आणि २०१९ चं गणित सरळ जुळवता येत नाही, हे मी मान्य करतो. मध्ये फार पाणी वाहून गेलं होतं. त्याचंच २०१७ चं गाणं, नाव 'रॉकस्टार', गाणारे दोघे रॅपच्या दुनियेतले, आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. म्हणजे रॉकस्टार हा शब्दसुद्धा आता रॉकवाल्यांकडे उरला नव्हता. पण म्हणूनच तर मुद्दा पक्का होतो. दार आता रॅपच्या हातात होतं, आणि त्या बाजूने रॉकला अडवणारा रखवालदार बसवला नाही.

आणि कर्जाचाच हिशेब काढायचा तर फार मागे जावं लागेल. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातल्या चार कामगार पोरांनी १९६८ मध्ये बँड काढला, तोच पुढे ब्लॅक सॅबथ झाला, तेव्हा त्याच्या पहिल्या नावातच 'ब्लूज' हा शब्द होता आणि ते अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा ब्लूज वाजवत होते. पत्र्याच्या कारखान्यात आयोमीच्या बोटांची टोकं तुटली, तारा ढिल्या कराव्या लागल्या, आवाज जड झाला, आणि जगाला हेवी मेटल मिळालं. पण बीज कुणाचं होतं ते लपत नाही. पुढे १९८६ मध्ये बीस्टी बॉइज या रॅपगटाने आपल्या अल्बमात सॅबथच्या गिटारचा तुकडा उचलून रॅप केला, तेव्हा कुणाचं काय कुणाकडे गेलं हे ठरवायला लवादच बसवावा लागेल. त्या अल्बमचाही निर्माता रिक रूबिन. आणि याच रूबिनने २०१३ मध्ये सॅबथचा शेवटचा अल्बम केला, जो अमेरिकेत त्यांचा पहिला नंबर एकचा अल्बम ठरला. ज्या माणसाने रन-डीएमसीला एरोस्मिथसमोर बसवलं त्यानेच सॅबथला उतारवयात शिखरावर नेलं. असे मध्यस्थ इतिहासात तळटिपेत जातात, याचं मला वाईट वाटतं.

मात्र 'सगळं सगळ्यांचंच, कुणीही काहीही उचला' असंही माझं म्हणणं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑझीने जाहीर सांगितलं की रॅपर कान्ये वेस्टने सॅबथच्या जुन्या मैफलीतला 'आयर्न मॅन' चा तुकडा मागितला होता, त्याच्या ज्यूद्वेषी वक्तव्यांमुळे आपण नकार दिला, तरी त्याने तो आपला नवा अल्बम ऐकवण्याच्या कार्यक्रमात वापरलाच. पंचाहत्तरीतला, हात थरथरणारा माणूस सगळ्यात मोठ्या नावांपैकी एकाला नाही म्हणाला. ज्याला नाही म्हणता येतं त्याच्याच हो ला किंमत असते. पोस्ट मलोनला दिलेला होकार हा लाचारीचा होता असं म्हणणाऱ्यांनी ही घटना जवळ ठेवून बघावी.

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये, व्हिला पार्क मैदानावर, ऑझीने शेवटचं गायलं. चालता येत नव्हतं, काळ्या सिंहासनावर बसून गायला. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, वयाच्या ७६ व्या वर्षी तो गेला. त्या दिवशी तिथे गाणाऱ्यांत स्टीव्हन टायलरही होता. गळ्याच्या दुखापतीमुळे वर्षभरापूर्वीच एरोस्मिथने दौरे कायमचे थांबवले होते, तरी तो आला आणि 'वॉक धिस वे' गायला. मी तो व्हिडिओ भाच्याला पाठवला. तो आता बावीस वर्षांचा आहे, ऑझीची गाणी माझ्यापेक्षा जास्त त्याला पाठ आहेत. पाच मिनिटांत त्याचा उलट मेसेज आला: "मामा, हे रन-डीएमसीचं गाणं हा म्हातारा पण भारी म्हणतो की!"

मी टाइप करायला घेतलं, की अरे, ते मुळात. मग पुसलं.